कोल्हापुरात राहून पाऊस, ऊन आणि ऋतू मोजायला शिकताना

जुलैत एकाच दिवशी गगनबावड्यात छत्री उलटी करणारा पाऊस असतो, कोल्हापुरात नुसती रिपरिप असते आणि शिरोळकडं लोक उघडीप बघून भांगलणीला लागलेले असतात. गगनबावडा शहराच्या पश्चिमेला पंचावन्नेक किलोमीटर, शिरोळ पूर्वेला पन्नासेक. वर्षाचा पाऊस मात्र गगनबावड्यात पाच-सहा हजार मिलिमीटर, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळला पाच-सहाशे. हा विषय नव्यानं शिकणाऱ्याला याहून सोयीचा जिल्हा शोधून सापडायचा नाही.

सुरुवातीला तीन गोष्टी हमखास एकमेकींत मिसळतात. आज, या घटकेला बाहेर काय चाललंय ती हवा. एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षं साधारण काय चालतं ते हवामान; त्याची सरासरी किमान तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. आणि ऋतू पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळं पडतात. आपल्याकडं त्यात मोसमी वाऱ्यांची भर पडते. ‘यंदा थंडी पडलीच नाही, हवामान बदललं’ या वाक्यात तिन्ही एका दमात येतात. ती वेगळी करायची तर तिघांसाठी तीन वेगळी साधनं लागतात: ऋतूसाठी काठी, हवेसाठी पाऊसमापी आणि तापमापी, हवामानासाठी वही. सगळं मिळून हजार रुपयांच्या आत बसतं.

पहिली पायरी: काठीची सावली

हे काम ऑक्टोबर ते मे या काळात सुरू करा, कारण निरभ्र आभाळ लागतं. साहित्य: एक मीटर लांबीची सरळ काठी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप, ओळंबा, खडू, मोजपट्टी आणि सपाट गच्ची. जुन्या ज्योतिषग्रंथांतला शंकू तो हाच.

काठी वाळू भरलेल्या कुंडीत रोवली तरी चालते, पण मग लांबी वाळूपासून नव्हे, ज्या पातळीवर सावली पडते तिथपासून मोजायची. नवखे इथंच चुकतात. ओळंबा दोन बाजूंनी लावून काठी उभी आहे का बघा. एक अंशाचा कल राहिला तरी टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकतं आणि मापं फसतात.

आता उत्तर दिशा काढायची. मोबाइलच्या होकायंत्रावर जाऊ नका, स्लॅबमधल्या लोखंडी सळया त्याला भुलवतात. सकाळी नऊ-साडेनऊला सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीच्या बुडाला केंद्र धरून त्या टोकातून जाणारं वर्तुळ दोरीनं आखा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबत जाऊन वर्तुळाला टेकेल तिथं दुसरी खूण करा. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. तिचा मध्य काठीच्या बुडाशी जोडला की उत्तर-दक्षिण.

मग १२:१० पासून १२:५५ पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक टिपा. सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही हे पहिल्याच दिवशी कळेल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि कोल्हापूर साधारण ७४.२ अंशांवर, म्हणजे सव्वाआठ अंश मागं. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबानं आपली खरी मध्यान्ह सरासरी १२:३३ ला येते. तीही वर्षभर एका जागी राहत नाही: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१७ च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४७ च्या आसपास.

सावलीची कड धूसर दिसते, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. मीटरभर काठीला ही धूसर पट्टी सेंटिमीटरभर होते. तिचा मध्य धरा आणि रोज तसाच धरा.

कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आहे. त्यावरून एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली अशी यायला हवी:

– २१-२२ डिसेंबर: उत्तरेकडं सुमारे ८४ सें.मी.
– १४ जानेवारी: उत्तरेकडं सुमारे ७८ सें.मी.
– २१ मार्च आणि २३ सप्टेंबर: उत्तरेकडं ३० सें.मी.
– ६ मेच्या आसपास: सावली काठीच्या बुडातच
– २१ जून: दक्षिणेकडं सुमारे १२ सें.मी.
– ६ ऑगस्टच्या आसपास: पुन्हा शून्य, पण ढगांमुळं ती क्वचितच दिसते

तुमचं माप दोन-तीन सेंटिमीटरनं वेगळं आलं तर काठी तिरकी आहे. दहानं वेगळं आलं तर लांबी चुकलीय.

या आकड्यांत ऋतूंचं गणित जवळजवळ सगळं आहे. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे आणि वर्षभर एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळं जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडं झुकलेला असतो, डिसेंबरमध्ये पलीकडं. डिसेंबरच्या मध्यान्हीला कोल्हापुरात सूर्य क्षितिजापासून फक्त ५० अंश वर येतो, म्हणून जमिनीच्या एका चौरस मीटरला डोक्यावरच्या सूर्याच्या मानानं तीन चतुर्थांशच ऊन मिळतं. शिवाय दिवस ११ तासांच्या थोडा वर, जूनमध्ये तोच १३ तासांच्या थोडा वर. तिरपं ऊन आणि आखूड दिवस मिळून थंडी.

पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते, ही समजूत शिकल्यासवरलेल्यांतही आढळते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब, १५.२ कोटींवर जाते.

१४ जानेवारीचा आकडा मुद्दाम दिलाय. सूर्य उत्तरेकडं वळतो डिसेंबरच्या २१-२२ ला. संक्रांतीपर्यंत सावली पाच-सहा सेंटिमीटर आखडलेली असते. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भानं ठरते आणि पृथ्वीच्या अक्षाची दिशा शतकानुशतकं अतिशय सावकाश फिरत असल्यानं संक्रांत आणि सूर्याचं उत्तरेकडं वळणं यांत साधारण ७२ वर्षांना एक दिवसाची फारकत पडत जाते. पावसाच्या नक्षत्रांचंही तेच. मृग ७-८ जूनला लागतो, पुढं आर्द्रा, मग तरणा म्हणजे पुनर्वसू, म्हातारा म्हणजे पुष्य, मग आश्लेषा, मघा. शेतीच्या कामांची आठवण ठेवायला ही पद्धत उत्तम आहे, पण नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस सांगणं हा वेगळाच प्रकार. त्याला वहीत जागा देऊ नका.

दुसरी पायरी: पाऊसमापी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जमिनीच्या एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एवढं लक्षात राहिलं की पाऊसमापी कशीही बनवता येते.

सर्वांत सोयीचा व्यास ११.३ सें.मी. या मापाच्या तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सें.मी. भरतं आणि १० मि.लि. पाणी म्हणजे १ मि.मी. पाऊस असा सरळ हिशोब लागतो. नेमक्या या मापाचं नरसाळं मिळालं नाही तर असेल त्याचा आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, पाण्याच्या मिलिलिटरना १२.७३ नं गुणा आणि व्यासाच्या वर्गानं भागा.

बाजारातल्या नरसाळ्याची कड उथळ असते. जोराच्या सरीत थेंब आपटून बाहेर उडतात आणि नेमका मोठा पाऊस कमी मोजला जातो. म्हणून वर त्याच मापाच्या पीव्हीसी पाइपचा दहा सें.मी. उंचीचा तुकडा उभा चिकटवा. नरसाळं दोन लिटरच्या बाटलीत बसवा आणि बाटली बादलीत ठेवून भोवती विटांचे तुकडे भरा. बाटलीत २०० मि.मी. पाऊस मावतो. कोल्हापूर शहराला ते बहुतेक दिवशी पुरतं. गगनबावडा, राधानगरी किंवा शाहूवाडीच्या पश्चिम भागात राहत असाल तर पाच लिटरचा कॅन लावा. बाटली भरून वाहिलीच तर बादलीतलं पाणी मदतीला येतं, पण बादलीच्या तोंडातून थेट पाऊस आत जात नाही ना हे आधी बघा, नाहीतर झाकण कापून बसवा.

जागा निवडणं बनवण्यापेक्षा अवघड. नियम असा की आसपासची भिंत किंवा झाड पाऊसमापीच्या तोंडापासून जितकं उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर असावं. सहा मीटर उंच झाड असेल तर बारा मीटर दूर. तोंड जमिनीपासून ३० सें.मी. वर हवं, त्याखाली ठेवलं तर चिखलाचे शिंतोडे आत जातात, फार वर नेलं तर वारा थेंब पळवतो. गच्चीचाच पर्याय असेल तर मधोमध ठेवा, कठड्याला टेकवून नाही. वाड्याचा चौक ही सगळ्यांत वाईट जागा: तिथं एक तर पागोळ्या पडतात, नाहीतर पाऊस भिंती अडवतात.

वाचायची वेळ सकाळी ८:३०. भारतीय हवामान विभागाचा चोवीस तासांचा पाऊस याच वेळेला मोजला जातो आणि वाचलेल्या दिवसाच्या तारखेला लिहिला जातो. तुम्ही रात्री बाराचा दिवस धरलात तर तुमचे आकडे कुणाशीच जुळणार नाहीत. बाटलीतलं पाणी मिलिलिटरच्या खुणा असलेल्या मोजनळ्यात ओता आणि तो डोळ्यांच्या समोर, सपाट जागेवर धरा. पाण्याचा पृष्ठभाग काचेजवळ चढलेला दिसतो. वाचन मधल्या खोलगट भागाचं घ्या. मार्च ते मे या काळात वळीव झाला की थांबल्याबरोबर मोजून वेगळी नोंद करा, सकाळपर्यंत थोडं पाणी उडून जातं.

चोवीस तासांत २.५ मि.मी. किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. त्यावर १५.५ पर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. ‘काल ढगफुटी झाली’ असं म्हणण्याआधी बाटली बघावी. बहुतेक वेळा आकडा चाळीस-पन्नासचा निघतो, फक्त तो वीस मिनिटांत पडलेला असतो.

तापमान आणि दमटपणा

अंगणातल्या उन्हात ठेवलेली तापमापी हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापली ते दाखवते. तिला सावली, खेळती हवा आणि जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंची हवी. पश्चिमेच्या भिंतीला खिळ्यानं टांगू नका. ती भिंत संध्याकाळी सातलाही उष्णता सोडत असते. एसीच्या बाहेरच्या यंत्राजवळ आणि पत्र्याखाली तर नकोच. चारी बाजूंना फटी असलेली पांढरी लाकडी पेटी सर्वोत्तम. तेवढं नको असेल तर उत्तरेकडच्या व्हरांड्यात, भिंतीपासून हातभर पुढं.

कमाल-किमान लक्षात ठेवणारी डिजिटल तापमापी घ्या. किमान तापमान सूर्योदयाच्या सुमारास येतं, कमाल दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. मध्यान्ह होऊन गेल्यावरही जमीन गमावते त्यापेक्षा जास्त उष्णता काही वेळ मिळवत राहते म्हणून.

त्याच यंत्रावर आर्द्रतेचाही आकडा असतो आणि स्वस्त यंत्रांत तोच जास्त फसवा. तपासणी घरीच होते. एका झाकणात दोन चमचे साधं मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढंच पाणी घाला. ते आणि यंत्र हवाबंद डब्यात शेजारी ठेवा, यंत्राला मीठ लागू देऊ नका. बारा तासांनी यंत्रानं ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवलं तर पुढच्या प्रत्येक वाचनात पाच मिळवा. मीठ पूर्ण विरघळलं तर चाचणी फुकट जाते, थोडं घट्ट मीठ शिल्लक दिसलंच पाहिजे.

एक आकडा मात्र बहुतेकजण लिहीतच नाहीत आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो: कमाल आणि किमान यांतला फरक. मार्चमध्ये कोल्हापुरात हा फरक पंधरा अंशांच्या आसपास असतो, जुलैत पाच-सहांवर येतो. ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत. हा फरक जूनमध्ये झपाट्यानं मिटायला लागला की पावसाळा खरोखर बसला असं समजायला हरकत नाही, मग बातम्या काहीही सांगोत. २१ जूनला दिवस सर्वांत मोठा असूनही उन्हाळा एप्रिल-मेमध्येच का संपतो याचं उत्तरही यातच आहे.

मोबाइलवर हवेचा दाब बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहे, म्हणून प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या १०१३ ऐवजी ९४५-९५० हेक्टोपास्कलच्या (दाब मोजायचं एकक) घरात दिसणार. तो रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. दुपारची ही दोन-तीन हेक्टोपास्कलची घसरण म्हणजे वादळ नव्हे.

वारा आणि ढग

वाऱ्याला नाव तो येतो त्या दिशेचं. गच्चीवर काठीला पातळ रिबन बांधा आणि काठीच्या प्रयोगात आखलेल्या उत्तर-दक्षिण रेघेवरून दिशा वाचा. गल्लीत वाचू नका, तिथं वारा गल्लीच्या दिशेनंच वाहतो.

जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. उन्हाळ्यात उत्तर भारताची जमीन तापून तिथं दाब कमी होतो; दक्षिण गोलार्धातली हवा विषुववृत्त ओलांडून तिकडं निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळं उजवीकडं वळते, म्हणून ती नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून येते. सह्याद्री तिला वर ढकलतो. कोरडी हवा हजार मीटर चढली की सुमारे दहा अंशांनी थंड होते. ढग बनायला लागल्यावर बाष्पातली उष्णता सुटते आणि हा वेग पाच-सहा अंशांवर येतो. पाणी घाटमाथ्यावर ओतलं जातं. माथा ओलांडून हवा खाली उतरताना तापते, ढग विरतात आणि शिरोळच्या वाट्याला उरलंसुरलं येतं.

वळवाचं यंत्र निराळं. तो इथल्या जमिनीच्या तापण्यातून, दुपारनंतर, उभ्या वाढणाऱ्या ढगांतून येतो. ढगाचा माथा ऐरणीसारखा पसरला की गारा आणि विजेची शक्यता धरा. शाहूपुरीत तीस मि.मी. आणि कळंब्यात धूळ, असं वळवात नेहमीचंच. त्यामुळं एका बाटलीवरून शहराचा वळीव सांगू नये. वीज चमकल्यावर सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप यासाठी फोनवर असावं.

हिवाळ्यात एक गोष्ट फुकट बघायला मिळते. गुऱ्हाळं सुरू झाली की पहाटे चिमणीचा धूर सरळ थोडा वर जातो आणि मग कुठल्यातरी उंचीवर आडवा होऊन शिवारभर पसरतो. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवा वरच्या हवेपेक्षा गार राहते आणि धूर वरच्या उबदार थराखाली अडकतो. ऊन तापून जमिनीजवळची हवा वर जाऊ लागली की तोच धूर वर निघून जातो. धूर आडवा दिसला त्या दिवशीचं किमान तापमान वहीत बघा, बहुधा खालचंच असेल.

वही आणि अंदाज

रकाने: तारीख, पाऊस, कमाल, किमान, फरक, आर्द्रता, वारा, ढग, शेरा. पाऊस नसेल तर ०.० लिहा, मोजायचं राहिलं तर आडवी रेघ मारा. रिकामी जागा म्हणजे पाऊस नव्हता की तुम्ही गावाला गेला होता, हे वर्षभरानं कुणालाच सांगता येत नाही. राहून गेलेला आकडा शेजाऱ्याच्या अंदाजानं भरू नका.

एका वर्षाच्या वहीवरून हवामानाबद्दल काही बोलता येत नाही, पाच वर्षांच्याही नाही. तुलनेसाठी हवामान विभागाची दीर्घकालीन सरासरी घ्यायची. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्याच्या, बातमीवरही लगेच दुष्काळ ठरवू नये: २०१५ मध्ये एल निनो होता आणि देशात पाऊस तुटला, १९९७ मध्ये जोरदार एल निनो असून देशाचा मोसमी पाऊस सरासरीइतका झाला.

अंदाजातले शब्द मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या एक चतुर्थांशपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. तुरळक सांगितलेला पाऊस तुमच्या गल्लीत पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. पिवळा इशारा लक्ष ठेवायला, नारिंगी तयारीला, लाल ताबडतोब हालचालीला. कोल्हापूरचा इशारा वाचताना तो घाट भागासाठी आहे की बाकी जिल्ह्यासाठी, हे आधी बघा.

पुराच्या दिवसांत स्वतःची बाटली फारशी कामाची नाही. पंचगंगेचं पाणी भोगावती, कुंभी, कासारी, तुळशीच्या खोऱ्यांतून येतं, त्यामुळं शहरात ऊन पडलेलं असतानाही नदी चढत राहू शकते; आणि कमी पावसाचं शिरोळ पुरात सापडतं, कारण नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जून ते सप्टेंबर वहीत आणखी तीन रकाने आखा: गगनबावड्याचा पाऊस, राधानगरीचा पाऊस आणि बंधाऱ्याची रोज एकाच वेळची पातळी. जिल्हा प्रशासन हे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर करतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात. कितवा दरवाजा किती वाजता उघडला ते शेऱ्याच्या रकान्यात लिहा आणि त्यानंतर बंधाऱ्यावर पाणी किती तासांनी किती चढलं, हे त्याच ओळीत पुढं.